मात्रा

हडपसरच्या रोपवाटिकेतल्या गव्हाणेनं
काळ्या पिशवीतली काडी हातात देताना म्हटलं,
"ताई, अलामंडा आहे. ऊन मागते, बाकी काही मागत नाही."
खोटं बोलला.

पाणी मागते. एप्रिलात दोनदा मागते,
आणि गुरुवारी, नेमके नळ कोरडे असतात तेव्हा,
पानं अशी लोंबवते
जसा माझ्या खिडकीपुढचा शेवटचा माणूस,
ज्याचा नंबर येता येता मी शटर ओढते.

सरकारी दवाखान्यात औषधं देते मी. सव्वीस वर्षं.
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.
घरी आले की कुंडीशीही हीच भाषा:
शेणखत दोन मुठी, महिन्यातून एकदा.
निंबोळी पेंड पसाभर नाही, चिमूटभर.
पिठ्या ढेकणावर साबणाचं पाणी, पाच दिवस, संध्याकाळी;
तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी कोर्स पुरा करायचा.

डहाळी मोडली की पांढरा चीक येतो.
तोंडात घालू नये, तो हात डोळ्याला लावू नये.
शेजारच्या इराला दोनदा सांगितलं.
दोन्ही वेळा तिनं विचारलं, मग ठेवलीस कशाला?
म्हटलं, माझ्या कपाटात याहून जहाल गोष्टी आहेत गं,
फक्त त्यांना फुलं येत नाहीत.

पहिल्या डिसेंबरात पानं टाकली तिनं, सगळी.
पाषाणला आठ अंश, आमच्या बिबवेवाडीत दहा,
कुंडीत चार तपकिरी हाडं.
नखानं साल खरवडून पाहिली.
आत हिरवं.
मी तिथंच बसले, चपलांच्या स्टँडजवळ,
ओल्या नखाचा वास घेत.

फेब्रुवारीत निम्मी छाटली,
मग ती निघाली. वर नाही.
बांबू रोवला, सुतळी बांधली, गोंजारलं, रागावले,
ती गजांतून खाली वाकली
आणि फुलली कुठे,
तर वडनेरकरांच्या गॅलरीत.

वडनेरकर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त.
माझ्या कुंडीचं पाणी त्यांच्या वाळत्या बनियनवर ठिबकतं म्हणून
दोन पत्रं, प्रत सेक्रेटरींना.
शाईनं. 'उपरोक्त विषयास अनुसरून.'

दूध आणायला उतरले तेव्हा रस्त्यावरून पाहिलं:
त्यांच्या कठड्यावर हळदीच्या अंगाचे अकरा कर्णे,
वरती माझ्याकडे नुसतं हिरवं.
खत माझं. पाठदुखी माझी.
एवढा राग आला की दुधाचे सुटे घ्यायला विसरले.

पत्रं थांबली. बनियन दुसऱ्या दोरीवर गेलं.
जुलैत एकदा बेल वाजली, हातात काथ्याचा तुकडा:
"वाऱ्यानं हलते फार. खालून बांधू का?"
पत्रातल्यापेक्षा आवाज बारीक होता.

आता पुन्हा फेब्रुवारी. कात्री घासून, डेटॉलनं पुसून
मीच खाली गेले.
"छाटतेय. दोन-तीन महिने काही दिसणार नाही तुम्हाला."
त्यांनी चष्मा लावला. उशिराची दोन फुलं होती, ती पाहिली.
"किती?"
"निम्मी."
"एक तृतीयांश करा."

सव्वीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून
मात्रा बदललेली नाही मी.
वर आले. कात्री निम्म्यावर धरली,
मग चार बोटं सरकवली.

फांद्या खाली पडत होत्या, ते वर्तमानपत्रात गोळा करत होते,
उघड्या हातांनी.
मी ओरडले, "चीक आहे! डोळ्याला हात लावू नका!"
"छत्तीस वर्षं दारूगोळ्यात होतो मी!" खालून.
मग नळ सोडल्याचा आवाज,
मग नुसतीच फुसफुस.

गुरुवार.

पिंपातून तांब्या भरला,
काथ्या बांधला त्याच्या गळ्याला,
आणि गजांतून हळूहळू खाली सोडला.
थोडं सांडलं.
कुणी काही बोललं नाही.